मानपत्रातलं गाळलेलं वाक्य

पालांदूरकर सरांचं मानपत्र मी लिहिलं. ते खोटं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण त्यातला शब्द न् शब्द मी सरांच्या वह्यांवरून तपासून घेतला होता. त्यात फक्त एक वाक्य कमी होतं. ते घाल म्हणून सर स्वतः तीनदा माझ्या दाराशी आले होते आणि तिन्ही वेळा मी चहा पाजून त्यांना परत पाठवलं होतं. चहा पाजून माणूस किती गोष्टी टाळू शकतो हे मी बालाघाटात शिकले.

माझं माहेर भंडाऱ्याचं, पण शिक्षण जबलपूरला झालं म्हणून नोकरी मध्य प्रदेशात लागली. ऐंशी सालच्या आसपास मी बालाघाटच्या कॉलेजात इतिहास शिकवायला गेले. नवरा छिंदवाड्याला, मी इथे. शेजारच्या क्वार्टरमध्ये भौतिकशास्त्राचे पालांदूरकर सर आणि त्यांच्या पत्नी सुमनकाकू राहत. अख्ख्या कॉलनीत मराठी बोलणारी अशी आमची दोनच दारं. त्यामुळे माझ्या घरातलं मीठ संपलं की मी काकूंकडे जायची आणि सरांना ऐकणारं कुणी हवं असलं की ते माझ्याकडे यायचे. ही देवघेव काकूंना जास्त सोयीची पडत असावी.

सर दिसायला काही विशेष नव्हते. उंच, वाळके, खांद्यावर दुपट्टा, आणि शर्टाच्या खिशात, जिथे इतर प्राध्यापक पेन लावतात तिथे, थर्मामीटर. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला लांब काचेचा. तो ते कशातही खुपसत. धानाच्या राशीत, विहिरीच्या पाण्यात, काकूंच्या वरणात. एकदा काकूंनी लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती, तर सर बरणीत थर्मामीटर घालून दर पंधरा मिनिटांनी वहीत आकडे लिहीत बसले. काकूंनी ते पाहिलं आणि दुपारभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मला म्हणाल्या, "कुंदा, माह्या लग्नाले तीस वर्सं झाली. या माणसानं माह्या कपाळाले हात लावून ताप नाही पाह्यला कधी. लोणच्याचा पाह्यला."

सरांचं सगळं आयुष्य उन्हावर होतं. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी एक काचेचा गोळा बसवला होता. ऊन त्या गोळ्यातून गेलं की मागच्या कागदी पट्टीवर एक जळकी रेघ उमटे. ढग आला की रेघ तुटे. रोज सूर्य मावळल्यावर सर गच्चीवर जात, जळलेली पट्टी काढत, नवी लावत, आणि जुनीवर तारीख घालून ट्रंकेत ठेवत. दिवाळी असो, घरात पाहुणे असोत, ताप असो. वीस-बावीस वर्षांच्या पट्ट्या त्या ट्रंकेत होत्या. बालाघाटात कोणत्या दिवशी किती तास ऊन पडलं हे देवाला माहीत असेल, नाहीतर पालांदूरकर सरांना. मोठ्या शहरांतले शास्त्रज्ञ पत्रं पाठवून त्यांच्याकडे हे आकडे मागत आणि आपल्या निबंधांच्या तळटिपेत त्यांचं नाव चुकीचं छापत. सर ते दाखवून हसत. "ऊन तर बरोबर छापलं ना? मंग झालं."

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. वर्गात हिंदीत म्हणत, घरी आपल्या बोलीत: "ऊन फुकट आहे, पण भोळं नाही." मला ते तेव्हा नुसतं ऐकायला बरं वाटे.

उकव्याच्या खाणीतल्या मँगनीजची काळी भुकटी जवसाच्या तेलात घोटून ते एक रंग करत. पत्र्याला तो लावला की पत्रा ऊन पिऊन घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजारातला कुठलाही काळा रंग याच्यापुढे पाणी, हेही. ती भुकटी आणायला ते स्वतः बसने उकव्याला जात. एकदा परत येताना पोतं बसमध्ये फुटलं. शेजारी लग्नाला निघालेलं कुटुंब होतं. सर आणि ते कुटुंब, सगळेच काळे होऊन बालाघाटला उतरले. सरांनी मग त्या सगळ्यांना घरी आणून न्हाणीघरात पाणी तापवून दिलं, तेही सूर्याच्या बंबावर. दुपारचे चार वाजले. नवऱ्या मुलाचा मामा जाताना म्हणाला, "गुर्जी, पोराचं लगन लागून गेलं असंन आतापर्यंत." तरी सरांचं तोंड खुललेलं होतं. बंबाचं पाणी किती तापलं ते त्यांनी लिहून घेतलं होतं.

या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, असा माझा समज होता. त्याला कारण होतं. एकदा भोपाळहून कुणी मोठे अधिकारी सूर्यचुलीचं प्रात्यक्षिक पाहायला यायचे होते. सकाळपासून आभाळ गच्च. चुलीतला तांदूळ कोमट पाण्यात भिजत पडला होता. कॉलेजातल्या एका चतुर सहकाऱ्याने स्टोव्हवर भात शिजवून आणला आणि गुपचूप सूर्यचुलीत ठेवला. साहेब आले, झाकण उघडलं, वाफ निघाली. साहेब म्हणाले, "वाह, बादलों में भी?" सर शांतपणे म्हणाले, "नहीं साहब. ये स्टोव्ह का है. मेरा चावल अभी कच्चा है." सहकाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. साहेब मात्र हसले, आणि पुढे ड्रायरला मंजुरी मिळाली ती याच साहेबांमुळे. तेव्हा मला वाटलं, खरं बोलणं किती सोपं असतं. स्टोव्हवरच्या भाताबद्दल खरं बोलणं सोपंच असतं हे कळायला मला अजून वेळ होता.

ड्रायर म्हणजे धान वाळवायची पेटी. खाली काळा पत्रा, वर काच, मागे धुराड्यासारखं उंच नळकांडं. तापलेली हवा धानातून वर जाते आणि ओल घेऊन जाते. वारासिवनीच्या पुढे सावरटोला नावाचा वीस-बावीस घरांचा टोला आहे, तिथे सरांनी अशा तीन पेट्या बसवल्या. टोल्यातली माणसं मूळची आमच्याकडची, वैनगंगेच्या खालच्या अंगाची. त्यांनी पेट्यांकडे पाहिलं, सरांना चहा दिला आणि धान आपलं अंगणातच वाळत घातलं.

मग एका कार्तिकात ऐन कापणीत चार दिवस पाऊस पडला. कापलेलं धान बांधीत, शेतातच, भिजलं. अंगणात वाळवायला ऊन येई ते दोन-तीन तास, मग पुन्हा झाकोळ. तेवढ्या उन्हात अंगणातलं धान कुबट झालं असतं, पण पेटीने ते वाळवलं. सर दोन आठवडे टोल्यातच राहिले. मी एका रविवारी काकूंनी दिलेले कपडे आणि डबा घेऊन गेले होते, तर सर ओळखू येईनात. दाढी वाढलेली, डोळे लाल, आणि इतके आनंदात की मला बसायला सांगायचंही विसरले. प्रत्येक घरातलं धान पाळीपाळीने पेटीत जात होतं.

त्याच दिवशी मी तुळसाबाईला पहिल्यांदा पाहिलं. साठीची, ठेंगणी, आदल्याच वर्षी नवरा गेलेली. टोल्यात तिच्या हाताला मान होता. मृगात पऱ्हे टाकतात, म्हणजे धानाची रोपं करायला बी पेरतात, तेव्हा प्रत्येक घराच्या पऱ्ह्यात पहिली मूठ तुळसाबाईने टाकायची अशी रीत होती. तिच्या हाताला गुण आहे, म्हणत. नवरा गेल्यावरही टोल्याने ती रीत मोडली नव्हती. ती टोपलीत धान घेऊन सरांपुढे उभी राहिली. दाणे बारीक, लालसर.

"गुर्जी, हे बिजाईचं आहे. माह्या सासूनं मायेरून ओटीत आणलं होतं. दुसऱ्या कोणाकडं नाही हे. याच्यात टाकू काय?"

टोल्यातले लोक बियाणं नेहमी सावलीत वाळवत. पण त्या वर्षी सावलीत बुरशी येत होती. सरांनी टोपलीत थर्मामीटरही खुपसला नाही. म्हणाले, "टाका बाई, बिनधास्त टाका. सगळ्यांचीच बिजाई आणा."

सगळ्यांनी आणली. दुपट्ट्याने घाम पुसत सर स्वतः टोपल्या आत सरकवत होते. मी तिथेच उभी होते. कुणाच्याच मनात काही आलं नाही.

त्या वर्षी टोल्यातलं एक पोतंही कुजलं नाही. वारासिवनीच्या गिरणीवाल्यांनी तो तांदूळ हातात घेऊन पाहिला आणि मान हलवली. वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. आणखी दहा गावांसाठी पेट्यांचा प्रस्ताव भोपाळला गेला. आणि पुढच्या मृगात तुळसाबाईने वीस-बावीस घरांच्या पऱ्ह्यांत पहिली मूठ टाकली. आठ दिवसांनी पाहिलं तर कुठे चार कोंब, कुठे दोन. बाकी नुसता चिखल.

लोकांनी शेजारच्या गावांतून बी आणलं, उशिराने रोवणी केली, वर्ष पार पडलं. तुळसाबाईच्या सासूचं धान मात्र कुठूनही मिळणार नव्हतं. ते संपलं. आणि टोल्यात कुजबुज सुरू झाली. आधी विहिरीवर, मग चावडीवर, मग तिच्या तोंडावर. विधवेच्या हाताने मूठ टाकली. आपणच रीत मोडायला हवी होती. आपलंच चुकलं. पेटीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पेटीने तर धान वाचवलं होतं.

हे सगळं मला कळलं ते वर्षभराने. टोल्याच्या बाहेर एक जुना कोरीव दगड आहे, तो पाहायला मी सरांबरोबर गेले होते. मृगाचे दिवस. सगळा टोला पऱ्ह्यावर गेलेला आणि तुळसाबाई एकटी ओसरीवर बसलेली. मी शेजारणीला विचारलं तेव्हा ती आवाज खाली घेऊन म्हणाली, "तिले नाही बोलावत आता. हात जळला तिचा." मी सरांकडे पाहिलं. सर दगडाकडे पाहत होते. तो दगड त्यांनी दहा वेळा पाहिला असेल.

परतीच्या वाटेवर वारासिवनीच्या बसस्टँडवर गाडीला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो. सर दुपट्टा मांडीवर घेऊन त्याच्या घड्या घालत, उलगडत म्हणाले, "कुंदा, ती बिजाई पेटीनं मारली."

मला आधी नीट समजलंच नाही.

"ओलं बी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या वर नाही टिकत. आत कोंब मरते. वरून दाणा चांगला दिसते. पेटीत साठ होतं त्या दिवशी. मी खायच्या धानाचं पाहून राह्यलो होतो. बिजाईचं डोक्यातच नाही आलं. श्रावणात घरी आणून तपासलं मी. शंभर दाण्यांतले तीन उगवले."

"म्हणजे तुम्हाला गेल्या श्रावणापासून माहीत आहे?"

"हौ."

"मग टोल्यात सांगितलं का नाही?"

त्यांनी उत्तर दिलं ते मला अजून पाठ आहे, कारण पुढे तेच उत्तर मी स्वतःला दिलं. "दहा गावांच्या पेट्या मंजूर होऊन राह्यल्या. आता सांगतलं तर सगळंच बंद होईन. पेट्या बसू दे एकदा. मंग सांगतो."

पेट्या बसल्या. दहाही गावांत. प्रत्येक पेटीवर सरांनी लाल रंगात स्वतःच्या हाताने लिहिलं: बिजाईचं धान यात टाकू नये. कुणी विचारलं का, तर म्हणत, नियम आहे. पुढचं नुकसान त्यांनी थांबवलं. मागचं कबूल केलं नाही. रोजच्या पट्ट्या जाळणारा माणूस ट्रंक उघडी टाकून फिरायचा, आणि आता एक गोष्ट कुलपात होती. काकू मला म्हणाल्या, "हल्ली झोपेतून दचकून उठतात. विचारलं तर म्हणतात अपचन." खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे खवखव मलाही होती, कारण आता मलाही माहीत होतं. मी दोनदा म्हटलं, सर, सांगून टाका. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. आपण काय, परके.

सर निवृत्त व्हायच्या आधी गावातल्या मान्यवरांनी सत्कार समिती काढली. 'सौर ऊर्जेच्या क्षेत्रातील तीस वर्षांचं योगदान.' समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. मानपत्र दोन भाषांत हवं होतं म्हणून माझ्याकडे आलं. मी आनंदाने घेतलं. गोळा, पट्ट्या, मँगनीजचा रंग, चूल, बंब, पेट्या, परदेशातल्या मासिकात छापलेला निबंध. लिहिताना मला सरांचा खरोखर अभिमान वाटला. हे सगळं या माणसाने एका आडगावात, दुसऱ्याच्या मदतीशिवाय, भंगाराच्या पत्र्यातून केलं होतं.

मग सर पहिल्यांदा आले. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "एक वाक्य टाक त्याच्यात. का यांच्या पेटीनं सावरटोल्याची बिजाई मेली, आणि त्याचा दोष तुळसाबाईवर आला."

"मानपत्रात असं कुणी लिहितं का, सर?"

"माह्या कामाचं आहे ना ते? मंग हे बी माहंच काम आहे."

मी वकीलसाहेबांना विचारलं. ते मराठी माणूस, पण माझ्याशी नेहमी हिंदीत बोलत. म्हणाले, "मॅडम, शादी में मौत की बात नहीं करते." आणि मग सहज विचारलं, "आपका वो छिंदवाड़ा वाला ट्रांसफर कहाँ तक पहुँचा?" तीन वर्षं मी बदलीचा अर्ज करत होते. त्यांची भोपाळला ओळख होती. त्यांनी धमकी दिली नाही, तसे ते नव्हतेच. चौकशी केली फक्त. मला तेवढं पुरलं.

सर दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं गप्प बसलात, सर. आता ते माझ्या हाताने कशाला लिहून घेता?" हे मी रागाने बोलले आणि लगेच मला माझी लाज वाटली. सरांना राग आला नाही. ते उठले, कप धुऊन पालथा ठेवला आणि गेले.

सत्कार दणक्यात झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मी ते वाचलं, माझा आवाज चांगला आहे असं म्हणतात. मग सर बोलायला उभे राहिले. कागद नाही, काही नाही. माइकपासून जरा लांब उभं राहून त्यांनी हिंदीत सरळ सांगितलं. सावरटोल्याचं बियाणं माझ्या चुकीने मेलं. मला दोन महिन्यांत कळलं होतं. मी लपवलं. एका बाईचा हात गावाने अशुभ ठरवला आणि मी पाहत राहिलो. या शालीखाली ते झाकलं जाऊ नये.

मग पहिल्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मागच्या बाकावरचे गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "इसको कहते हैं विनम्रता." वकीलसाहेब उठून सरांना मिठी मारत होते. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते, मला सरांचा चेहरा दिसत होता. त्यांनी आपली सर्वांत वाईट गोष्ट सांगितली होती आणि लोकांनी तिचाही हार करून त्यांच्या गळ्यात घातला होता. इतका हरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

वैशाखात माझी बदली झाली. सामान बांधत होते तेव्हा काकू आल्या. "आठ दिवस झाले, सावरटोल्याले जाऊन बसले. शाळेत झोपतात. तू जाऊन ये वं एकदा. माहं नाही ऐकत."

मी गेले तेव्हा टोल्यातली सगळी माणसं तुळसाबाईच्या अंगणात जमलेली होती. सर एका बाजूला उकिडवे बसले होते. काय चाललंय ते मला टोल्याचे पटेल म्हणजे पाटील, पांढऱ्या मिश्यांचे म्हातारे, यांनी सांगितलं. गुर्जींनी आल्या आल्या चावडीवर सगळ्यांपुढे सांगितलं की चूक आपली होती. कुणी मानलं नाही. "आमाले वाटलं, गुर्जी मोठ्या मनाचे, बाईले वाचवून राह्यले." मग गुर्जी म्हणाले, ठीक, आपण तपासू. चांगलं बी घेतलं, त्या वर्षीसारखं भिजवलं, दोन वाटे केले. एक वाटा पेटीत वाळवला, एक सावलीत. मग दोन्ही ओल्या पोत्यांत गुंडाळले. आणि अट एकच: दोन्ही वाट्यांना हात फक्त तुळसाबाईचाच लागला पाहिजे. भिजवताना, वाळवताना, गुंडाळताना. दुसऱ्या कुणाचा नाही.

"ती आयकेच ना," पटेल म्हणाले. "दोन दिवस दाराआड बसून होती. गुर्जी दाराशी बसून होते."

आज चौथा दिवस होता. पोती उघडायची होती. पटेलांनी पहिलं उघडलं. सावलीतलं. पांढरे कोंब एकमेकांत गुंतलेले, पोत्याला चिकटलेले. दुसरं उघडलं. दाणे जसेच्या तसे, ओले, फुगलेले, मुके. पटेलांनी बोटाने चाळलं. एक कोंब सापडला, दुसरा. तिसरा सापडला नाही. बायका पुढे सरकून वाकून पाहत होत्या. दोन्ही पोत्यांना हात एकच लागला होता, हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

शेवटी पटेल म्हणाले, "चाल वं तुळसा. यंदाची मूठ तूच टाकशीन." आणि ज्या शेजारणीने मला हात जळल्याचं सांगितलं होतं, ती पदराने डोळे पुसत पुढे झाली आणि तिच्या पाया पडली.

तुळसाबाई उठली नाही. तिने सरांकडे पाहिलं.

"गुर्जी, तुमाले हे कवा समजलं?"

"पह्यल्याच वरसी, बाई. श्रावणात."

"मंग काहून नाही सांगतलं?"

सभागृहात माइकपुढे सरांना इतका वेळ लागला नव्हता. "भेव वाटलं," ते म्हणाले.

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या आवाजात, असता तर बरं झालं असतं. "त्या वरसीच नातू झाला मले," ती म्हणाली. "दोन वरसाचा आहे आता. मी अजून त्याले उचललं नाही, गुर्जी. माहा हात लागू नाही देला."

मग ती उठली. अंगणात लोटा होता, त्यातल्या पाण्याने तिने हात धुतले, पदराला पुसले आणि घरात गेली. आत सून होती, तिचा हळू आवाज आला. आणि लगेच पोर रडायला लागलं. मोठ्याने, घाबरून, अनोळखी माणसाने उचललं की मुलं रडतात तसं. तुळसाबाई त्याला काहीतरी म्हणत होती, थोपटत होती. पोर थांबत नव्हतं. ते आईकडे झेपावत असणार.

माणसं एकेक करून आपापल्या कामाला निघून गेली. सर अंगणात उभे राहून ऐकत होते. रस्त्यावर माझी बस लागल्याचा भोंगा झाला, आणि दुसऱ्या दिवशी मला छिंदवाड्याला निघायचं होतं. मी त्यांना हाक मारली नाही. वळून पाहिलं तेव्हाही आत पोर रडतच होतं, आणि सर हलले नव्हते.